मास्तरांची भरलेली पोटरी

जगात काही माणसे अशी असतात, की त्यांच्या नजरेत भरावे म्हणून आपण जन्मभर धडपडावे आणि त्यांनी मात्र आपल्याकडे पाहून नाक मुरडावे. व्यायामशाळेतल्या कोचच्या बाबतीत असे माणूस म्हणजे त्याचे सासरे होते.

सासरे व्यवसायाने शिंपी. सारा परिसर त्यांना मास्तर म्हणूनच ओळखत असे. अंगावर धड पाव किलो मांस नाही, पण जिभेला धार कात्रीची. लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्यांनी मध्यस्थाला विचारले होते, "मुलगा करतो काय?"

"व्यायाम शिकवतो."

"ते समजलं. पण काम काय करतो?"

हा प्रश्न कोचच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. पुढे संसार सुखाचा झाला, बायको बालवाडीत शिकवू लागली, घरी कशाची वाण राहिली नाही. परंतु सासऱ्यांच्या लेखी जावई म्हणजे लोकांचे दंड फुगवून देणारा एक इसम, यापलीकडे त्याची किंमत कधी चढली नाही. "कसे आहात जावईबापू? लोखंड उचलताय ना? उचला, उचला. पुन्हा खालीच ठेवायचं असतं, तरी उचला." असे ते भेटीगणिक म्हणत आणि कोच हसून वेळ मारून नेत असे.

अशा या मास्तरांवर काळाने आपला हात फिरवला. सासूबाई गेल्या, त्यानंतर त्यांचे जेवणावरून मन उडाले. हातापायांच्या काड्या झाल्या. एके दिवशी जड इस्त्री उचलताना त्यांचे मनगट लुळे पडले आणि एका गिऱ्हाइकाचा नवा कोट पाठीवर जळाला. ज्या हाताने आयुष्यात एक टाका वाकडा घातला नव्हता, त्याच हाताने दगा दिला, हे दुःख मास्तरांना सासूबाईंच्या दुःखाखालोखाल झाले. त्या संध्याकाळी ते कोणालाही न सांगता व्यायामशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

कोच एका तरुणाला बैठका शिकवत होता. सासऱ्यांना पाहून त्याला वाटले, घरी काही अशुभ घडले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही," मास्तर चौफेर आरशांकडे पाहत म्हणाले. "म्हटलं, बघावं, हाडांना मांस चिकटवण्याची काही युक्ती तुमच्याकडे आहे का. नसेल तर तसं सांगा, उगीच घाम काढू नका."

कोचच्या अंगावर त्या क्षणी मूठभर मांस चढले. वर्षानुवर्षे ज्या उंबऱ्याकडे मास्तरांनी वळून पाहिले नव्हते, तो त्यांनी आपण होऊन ओलांडला होता.

त्याने सासऱ्यांना फुलासारखे जपून शिकवले. आधी नुसते खुर्चीवरून उठणे आणि बसणे. मग हातात पाण्याच्या बाटल्या, मग लहान वजने. आहारात सकाळ-संध्याकाळ व्हे प्रोटीनची भुकटी एकेक चमचा. मास्तरांनी डबा उघडून वास घेतला आणि विचारले, "हे काय असतं?"

"दूध नासवल्यावर जे पाणी सुटतं ना बाबा, त्यातलं सत्त्व काढून वाळवतात."

"म्हणजे आमची ही जे पाणी मोरीत ओतायची, ते तुम्ही डब्यात भरून विकता? धंदा करावा तर असा!"

तरीपण त्यांनी ते नेमाने घेतले. झाकणाच्या बाटलीत पाणी आणि भुकटी घालून ते अशा निष्ठेने हलवीत, की बाकीची पोरे आपला व्यायाम थांबवून पाहत राहत. आणि गुण आला, हे मान्य केले पाहिजे. महिन्याभरात मास्तर खुर्चीच्या हातांना न धरता उठू लागले. इस्त्री पुन्हा हातात बसली. एके दिवशी त्यांनी सर्वांसमक्ष हाक मारली, "ओ कोच, आता पुढं काय करू?" जावईबापू नव्हे, कोच! ही एक हाक ऐकण्यासाठीच जणू त्याने इतकी वर्षे लोखंड उचलले होते.

येथपर्यंत सर्व खरे होते. खोट यानंतर शिरली.

व्यायामशाळेच्या मालकांनी एक नवे यंत्र आणले होते. त्यावर अनवाणी उभे राहून दोन्ही हातांनी मुठी धरल्या, की अंगातून न जाणवेल इतकी बारीक वीज जाई, आणि चरबी किती, स्नायू किती हे आकडे पडद्यावर उमटत. कोच प्रशिक्षणात शिकला होता, की हे यंत्र मांस पाहत नाही. वीज पाण्यातून सहज वाहते, चरबीतून अडते, आणि स्नायूंत पाणी पुष्कळ असते. तेव्हा वीज जितकी सुखाने वाहील तितके स्नायू जास्त, असा यंत्राचा अंदाज असतो. हे त्याला ठाऊक होते. परंतु माहीत असलेली गोष्ट हवी त्या वेळी आठवेलच, असा मनुष्याच्या बुद्धीचा करार नाही.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मास्तर यंत्रावर उभे राहिले आणि स्नायूंचा आकडा एकदम तीन किलोंनी वर गेला. चरबीचा टक्का खाली आला. मालकांनी टाळी वाजवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"मास्तर, तुम्ही तर आम्हाला मागं टाकलं!"

"चालायचंच," मास्तर म्हणाले. "तुम्ही आरशात बघून व्यायाम करता. मी कोचकडं बघून करतो."

मालकांनी मास्तरांचे छायाचित्र मोठे करून, खाली तो आकडा लिहून काचेच्या दरवाजावर लावले. ते पाहून पिकल्या केसांची माणसे चौकशीला येऊ लागली. कोणी निवृत्त कारकून, कोणी औषधविक्रेता, कोणाला बायकोने ढकलून पाठवलेले. त्यांची स्वतंत्र तुकडी करायचे ठरले आणि तिचा प्रमुख म्हणून कोचचे नाव पुढे आले. पंधरवड्यानंतरच्या रविवारी लहानसा मेळावा घ्यायचा आणि मास्तरांनी नव्या मंडळींपुढे दोन शब्द बोलायचे, असे मालकांनी जाहीर केले.

मास्तर दुकानात बसून आता स्वतःचीच मापे घेत असत. पोटरीला फीत गुंडाळायची, आकडा मोठ्याने वाचायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्यांच्या जुन्या विजारी पायांत अडू लागल्या, तेव्हा त्यांनी शिवणीत सोडलेली माया उसवून त्या ढिल्या केल्या, तेही एखादे शुभकार्य असल्यासारखे. यंत्राने सांगितले ते फितीने खरे ठरवले. आता शंकेला जागा कोठून असणार?

शंका पहिल्यांदा आली ती कोचच्या बायकोला. ती एका संध्याकाळी म्हणाली, "अहो, बाबांचा चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसतो. डोळ्यांखाली बघा ना."

"अगं, सूज कसली? चेहरा भरलाय. इतकी वर्षं खप्पड गाल बघितलेत, म्हणून तुला वेगळं वाटतं."

"दुपारपर्यंत उतरतं पण ते."

"माणूस सकाळी झोपेतून उठला, की तोंड जडच असतं. तू मला शिकव आता."

कोचचा आवाज जरा चढला होता, आणि तो का चढला हे त्याचे त्यालाही उमगले नाही.

त्यानंतरची गोष्ट कपडे बदलण्याच्या खोलीतली. मास्तर तरुणांच्या घोळक्यात बसून सांगत होते, "तुमच्या या भुकटीचा फेस बाटलीत येतो ते समजलं. पण सकाळी संडासात गेलो, तर तिथंही साबण कालवल्यासारखा फेस! म्हणजे वरून ओतली तशीच खालून निघते की काय?"

सगळे खो खो हसले. "मास्तर, गाळून परत डब्यात भरा!" एकाने म्हटले, तेव्हा तर हसून हसून मास्तरांनाच ठसका लागला. कोचही हसला. परंतु हसता हसता त्याचे लक्ष खाली गेले. मास्तर मोजे काढत होते. मोज्याच्या रबराची खूण त्यांच्या पायावर खोल चर काढल्यासारखी उमटली होती, आणि चराच्या वरचा पाय गुळगुळीत व चकचकीत दिसत होता.

मंडळी पांगल्यावर कोच त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, पाय बघू."

"बघा की. तुमचीच कमाई आहे."

त्याने नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीवर बोट दाबावे तसा. कोच त्या खड्ड्याकडे पाहत राहिला. तो भरून येईना. स्नायू असे वागत नाहीत. स्नायू दाबला तर उसळतो. हे पाणी होते. चामडीखाली साचलेले पाणी. आणि यंत्राने ज्याला मांस म्हटले होते, ज्यासाठी टाळ्या पडल्या होत्या, जे दरवाजावरच्या छायाचित्राखाली लिहिले होते, ते सारे हेच पाणी होते.

"काय झालं? तोंड का उतरलं?" मास्तरांनी विचारले.

"काही नाही," कोच म्हणाला. "मीठ जरा कमी करा बाबा. आणि पावडर दोन दिवस बंद."

"मेळावा होईपर्यंत तरी चालू ठेवू. ऐन वेळी दंड उतरले तर तुमची अब्रू जाईल."

यावर कोचने उत्तर दिले असते, तर ही कथा येथेच संपली असती. सत्य त्याच्या ओठांपर्यंत आले होते. फक्त एवढेच म्हणायचे होते, की चला, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. परंतु त्याच वेळी दार ढकलून मालक आत आले. "कोच, सोळा जणांनी नावं दिली! रविवारी मास्तरांना छान शर्ट घालायला सांगा," असे म्हणून त्यांनी कोचच्या खांद्यावर थाप मारली. मास्तर कौतुकाने जावयाकडे पाहत होते. तसे कौतुक त्या डोळ्यांत कोचने पूर्वी कधी पाहिले नव्हते. आणि त्याने स्वतःची समजूत घातली. मिठाने सुजले असतील. वयाने पाय सुजतात. रविवार होऊ दे, सोमवारी नेऊ. एक आठवड्याने काय आभाळ कोसळणार आहे?

तो आठवडाभर कोच सासऱ्यांना दुरूनच व्यायाम सांगे. त्यांच्या पायांकडे पाहणे टाळी.

रविवारी मेळावा झाला. व्यासपीठ म्हणजे दोन लाकडी पायऱ्यांचा चौथरा. तेवढ्या दोन पायऱ्या चढताना मास्तरांना धाप लागली, परंतु लोकांना वाटले, म्हातारा भारावून गेला आहे. त्यांनी श्वास सावरून हात जोडले.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मी माणसांना कपड्यातून ओळखतो. माझ्या जावयाला मी आजवर चुकीच्या मापाने मोजलं. ह्या माणसानं मला उभं केलंय. बास, एवढंच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने डोळ्यांना पदर लावून कोचकडे पाहिले. कोचने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

सोमवारी सकाळी कोच दात घासत होता, तोच बायको फोन हातात घेऊन धावत आली. "बाबांचा अंगठा अडकलाय! कात्रीत! चला लवकर!"

दुकान गल्लीच्या टोकाला होते. दोघे पोचले, तेव्हा मास्तर कापणीच्या मेजाशी खिन्न बसले होते. उजव्या हाताचा अंगठा मोठ्या कात्रीच्या कडीत गच्च बसला होता. पहाटेच एक कापड बेतायला घेतले, कात्री घातली ती घातलीच. अंगठा जांभळा पडत चालला होता.

"चाळीस वर्षं ह्याच कडीत बोट जातंय," ते मुलीला म्हणाले. "आज निघेना. तुझ्या नवऱ्यानं अंगठ्यालाही व्यायाम दिला बहुतेक."

मुलीने साबण लावला, तेल लावले. उपयोग होईना. तेव्हा मास्तरांनीच युक्ती सांगितली. जाड दोरा घ्यायचा, बोटाच्या टोकापासून कडीपर्यंत एकाला एक लागून घट्ट वेढे द्यायचे, म्हणजे बोट आवळून बारीक होते. कोच दोरा गुंडाळू लागला. एकेका वेढ्यासरशी अंगठ्याचे मांस दोऱ्याखाली दबत गेले, नव्हे, सरकत गेले. मऊ लोण्यासारखे कडीच्या पलीकडे जाऊन तळहातावर फुगीर झाले. अखेर कडी सुटली. कात्री मेजावर पडली. कोचने दोरा उलगडला. अंगठ्यावर दोऱ्याचे वळ एखाद्या स्क्रूच्या आट्यांसारखे कोरलेले राहिले. ते जाईनात.

बायको कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग तिने वडिलांचा पाय उचलून मांडीवर घेतला, विजार वर सरकवली आणि आपले बोट त्या भरलेल्या पोटरीवर दाबले.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे मांस आहे?"

कोच म्हणाला, "रिक्षा बोलावतो."

रुग्णालयात रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी समजावून सांगितले. मूत्रपिंड ही शरीराची चाळणी. ती सैल झाली आहे. रक्तातले प्रोटीन लघवीवाटे वाहून जाते, म्हणून फेस येतो. रक्तात प्रोटीन उरत नाही, म्हणून पाणी अंगात झिरपून साचते. हातापायांत साचले, आता छातीतही आले आहे.

"भुकटीमुळे झालं का?" बायकोने विचारले.

"भुकटीनं चाळणी फाडली, असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "निरोगी माणसाला ती सहसा बाधत नाही. हा आजार आपला आपण आलेला दिसतोय, नक्की कारण मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर कळेल. पण आजारी मूत्रपिंडावर तिचा भार नको, ती बंद. आणि इतकी सूज असताना ह्यांना आधी का नाही आणलं? थोडं लवकर आणलं असतं, तर छातीत पाणी व्हायच्या आत आटोक्यात आलं असतं."

"आम्हाला वाटलं, तब्येत सुधारतेय," बायको म्हणाली आणि रडू लागली. "ह्यांनाही आजच सकाळी कळलं."

कोच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभा राहिला. तिने त्याच्या वतीने साक्ष दिली होती, आणि त्याने ती खोडून काढली नाही.

औषधांनी पाणी उतरू लागले. दिवसागणिक मास्तर ओसरत गेले. पोटऱ्या गेल्या, दंड गेले, गाल गेले. पाणी निघून गेल्यावर जो देह खाटेवर उरला, तो पूर्वीपेक्षाही रोड होता. कारण त्या सुजेखाली खरे मांस आजार मुकाट्याने खात बसला होता. भेटायला आलेल्या मालकांना क्षणभर ओळख पटली नाही. दरवाजावरचे छायाचित्र काढू का, असे त्यांनी बाहेर कोचला कुजबुजत विचारले. कोच म्हणाला, "काढा. आणि त्या तुकडीसाठी दुसरा माणूस बघा." मालकांनी कारण विचारले. कोच आत जायला वळला.

दुपारची वेळ होती. बायको औषधे आणायला खाली गेली होती. मास्तर डोळे मिटून पडले होते, म्हणून कोच हातपंख्याने वारा घालत निर्धास्त बसला होता. तेवढ्यात ते डोळे न उघडताच बोलले.

"त्या दिवशी तुम्ही माझ्या पायावर अंगठा दाबला होता."

कोचच्या हातातला पंखा थांबला.

"मी कपड्याचा माणूस. पण तुमचं तोंड बघितलं होतं मी. कापड चुकीचं कापलं गेलं, की शिंप्याचं होतं तसं." त्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला कधी समजलं?"

उत्तर तयार होते. बायकोने डॉक्टरीणबाईंना दिले होते तेच: सोमवारी सकाळी, कात्री सोडवताना. ते उत्तर दिले असते तर घरात कोणाला शंका येणार नव्हती, आणि जी हाक ऐकण्यासाठी त्याने जन्म घालवला ती कदाचित पुन्हाही कानी पडली असती. कोचने ते शब्द जिभेवर घेतले. ते जिभेवरून हलेनात.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "अंगठा उचलला तेव्हाच."

"भाषणाच्या आधी."

"हो. आधी."

शेजारच्या खाटेवरचा रोगी खोकला, पलीकडे भांडे पडले, कोणीतरी कोणाला तरी रागावले.

"म्हणजे मी तिथं उभा राहून बोलत होतो," मास्तर सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही ऐकत होतात."

"बाबा, मला वाटलं एका आठवड्यानं..."

"मरणाचं मला काही नाही हो. कधीतरी जायचंच. पण लोकांपुढं मला असं उभं केलंत." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. तिच्याखालचे हात इतके बारीक होते, की चादरीला घडीसुद्धा पडली नाही.

कोचला पाय धरावेसे वाटले, परंतु त्या पायांना हात लावण्याचा आपला हक्क उरला आहे की नाही, हे त्याला कळेना.

"तिला सांगितलंत?" मास्तरांनी विचारले.

"नाही."

"ती सगळ्यांना सांगत फिरते, ह्यांनीच रिक्षा बोलावली, ह्यांनीच बाबांना वाचवलं. काल नर्सला सांगत होती." ते भिंतीकडे कुशीवर वळले. "मी सांगणार नाही. तुमचा संसार आहे. पण रोज हे ऐकत पडून राहायची ताकद माझ्यात नाही, जावईबापू."

जिन्यावर पावले वाजली. ओळखीची, घाईची. बायको आत आली, औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "झोपले का हो?"

भिंतीकडे तोंड करून पडलेले मास्तर हलले नाहीत. कोच स्टुलावरून उठला. त्याने तिला तेथे बसवले आणि स्वतः तिच्यासमोर उभा राहिला.

"बाबा जागे आहेत," तो म्हणाला. "त्यांना ऐकू दे. मला तुला काहीतरी सांगायचंय."